न मागितलेल्या सेवेचे पाच रुपये

गेल्या चतुर्थीला गावी गेलो तेव्हा आत्याने जी तक्रार केली, ती मोबाइलविषयी नव्हती. नाक्यावरच्या दुकानदाराविषयी होती. "तो पोरगा रिचार्जात पैसे खातो," असे तिचे ठाम मत झाले होते. वीस रुपये द्यावेत आणि फोनमध्ये जेमतेम दहा शिल्लक दिसावेत, हे तीन-चार वेळा घडले. चौथ्या वेळी तिने त्याला चार माणसांसमोर बोल लावला आणि तेव्हापासून त्याच्या दुकानाची पायरी चढणे सोडले. बस पकडून बाजारात जाऊन ती रिचार्ज करू लागली. तिथेही तेच झाले, तेव्हा मात्र ती गोंधळली.

तिचा फोन साधा, बटणांचा. मी संदेशांची पेटी उघडली. न वाचलेले दोनशेहून अधिक संदेश तिथे पडून होते आणि त्यांत दर तीन दिवसांनी येणारा एक संदेश होता: आपली राशिभविष्य सेवा नूतनीकृत करण्यात आली असून ५ रुपये वजा करण्यात आले आहेत. अर्थात हे सारे इंग्रजीत. आत्याला मराठी वाचता येते, तेही चष्मा लावून. ही सेवा तिने कधी मागितली, हे तिला आठवेना. मलाही ते शोधून काढता आले नाही. कधीतरी पडद्यावर उमटलेल्या चौकटीवरचे मधले बटण दाबले गेले असावे.

वीस रुपयांचे दहा कसे झाले, याचा उलगडा दोन भागांत होतो. पहिला भाग कायदेशीर आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. टॉप-अपच्या रकमेतून १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि कंपनीचे प्रक्रिया शुल्क आधीच वजा होते. त्यामुळे १० रुपयांच्या टॉप-अपवर साधारण साडेसात रुपयांचा आणि २० रुपयांवर पंधरा रुपयांच्या आतबाहेर टॉकटाइम मिळतो. दुकानदाराचा त्यात काही दोष नसतो. उरलेले पाच रुपये राशिभविष्याचे. ते रिचार्ज होताच क्षणार्धात जातात, त्याचेही कारण आहे. खात्यात शिल्लक नसेल तर अशी सेवा लगेच बंद पडत नाही. ती दबा धरून बसते. यंत्रणा पुन्हा पुन्हा शिल्लक तपासत राहते आणि पैसे जमा झाल्याबरोबर आपला हप्ता उचलते. काही सेवांत तर पूर्ण रक्कम नसेल तर असेल तेवढी घेऊन कमी दिवसांसाठी सेवा चालू ठेवण्याचीही सोय असते. ज्या माणसाच्या खात्यात नेहमीच थोडे पैसे असतात, त्याच्या लक्षात ही वजावट राहते ती दुकानाच्या पायरीवरच, आणि आळ जातो समोर उभ्या असलेल्या पोरावर.

दूरसंचाराच्या परिभाषेत यांना 'मूल्यवर्धित सेवा' म्हणतात. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला हा शब्द नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. मूल्य कोणाचे वाढते, ते त्यात सांगितलेले नाही. कॉलर ट्यून, क्रिकेटचा धावफलक, विनोद, भजने, आरोग्यविषयक सूचना, भविष्य, स्पर्धा असे यांचे अनेक प्रकार. मजकूर मोबाइल कंपनी स्वतः तयार करत नाही. तो पुरवणारी कंपनी निराळी असते, मधे आणखी एखादी तांत्रिक कंपनी असते, आणि ग्राहकाकडून वसूल झालेली रक्कम या सगळ्यांत वाटली जाते. पैसे गोळा करणारी मात्र एकच: जिचे सिमकार्ड आपल्या फोनमध्ये आहे ती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण तक्रार करायला गेल्यावर "ती सेवा आमची नव्हे, तिसऱ्या पक्षाची आहे" असे उत्तर हमखास मिळते. वजावट जिने केली, जबाबदारीही तिचीच.

अडीच रुपयांचा संदेश

महाग संदेशाची सवय आपल्याला दूरचित्रवाणीने लावली. २००४-०५ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वात अभिजीत सावंतसाठी मते पाठवणारे पुष्कळ हात मराठी घरांतले होते. त्या काळी साधा संदेश रुपयाच्या आसपास पडे आणि मतदानाचा संदेश त्याच्या कितीतरी पट. लघुक्रमांकावर, म्हणजे चार-पाच-सहा आकडी छोट्या क्रमांकावर पाठवलेला संदेश नेहमीच्या दराने आकारला जाईलच असे नाही, हे पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत धावत जात असे.

याच प्रश्नावर देशातला सर्वांत गाजलेला खटला उभा राहिला तो 'कौन बनेगा करोडपती'च्या शाहरुख खान यांनी सादर केलेल्या तिसऱ्या पर्वामुळे. २२ जानेवारी ते १९ एप्रिल २००७ या काळात 'हर सीट हॉट सीट' नावाची प्रेक्षकांसाठीची स्पर्धा त्यात होती. चार पर्यायांचा सोपा प्रश्न पडद्यावर येई, उत्तर संदेशाने पाठवायचे, बरोबर उत्तरांतून सोडत काढून एकाला दोन लाख रुपये. संदेशाचा दर २ रुपये ४० पैसे. 'सोसायटी ऑफ कॅटॅलिस्ट्स' या ग्राहक संस्थेने स्टार आणि एअरटेल यांच्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे धाव घेतली. तिचा हिशेब असा होता: सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश आले, त्यांतून १३ कोटी ९२ लाख रुपये जमले, आणि ५२ भागांत मिळून बक्षिसे वाटली गेली ती १ कोटी ४ लाखांची. म्हणजे बक्षीस देणारा प्रेक्षकच, घेणाराही प्रेक्षकच, आणि मधला फरक आयोजकांचा. ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा तिचा युक्तिवाद होता.

राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये तो मान्य केला आणि एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई व ५० हजार रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. ही बातमी आजही अनेकांना आठवते. त्यापुढची बातमी फारशी कोणाला आठवत नाही. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. बक्षिसाची रक्कम संदेशांच्या वाढीव दरातूनच उभी राहिली, हे पुराव्याने सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. महाग संदेश योग्य की अयोग्य, असा निवाडा न्यायालयाने केला नाही. पुरावा अपुरा ठरला. मला यातला बोध वकिली वाटतो आणि तो आत्याच्या पाच रुपयांनाही लागू आहे. कितीही ढळढळीत वाटले तरी कोणत्या तारखेला किती रुपये कशासाठी गेले, याचा कागद हाती असावा लागतो.

नियम आहे, संदेशही येतो

ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, या विषयात २०११ पासून निर्देश काढत आले आहे आणि १० जुलै २०१३ चा निर्देश त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. त्याने दुहेरी संमतीची पद्धत पक्की केली. ग्राहकाने एकदा होकार दिला एवढ्यावर सेवा सुरू करता येत नाही. दुसऱ्यांदा विचारून पुन्हा स्पष्ट होकार घ्यावा लागतो, आणि हा दुसरा होकार ज्या यंत्रणेमार्फत नोंदवला जातो ती सेवा विकणाऱ्याच्या ताब्यातली नसावी, असा दंडक आहे. सेवा सुरू झाली की तिची मुदत, नूतनीकरणाचे शुल्क आणि ती बंद करण्याची रीत ग्राहकाला कळवणे बंधनकारक आहे. संमतीविना सेवा सुरू झाली किंवा नूतनीकृत झाली, अशी तक्रार ग्राहकाने २४ तासांच्या आत केली, तर सेवा बंद करून ते शुल्क परत करावे लागते.

कागदावर हे चोख आहे. आत्याच्या बाबतीतही कंपनीने, मला वाटते, अक्षरशः नियम पाळला असावा. संदेश दर तिसऱ्या दिवशी इमानेइतबारे येत होता. तो रोमी लिपीत होता एवढेच. रोमी आणि देवनागरीचा वाद गोव्याला नवा नाही, पण तो असा टॉकटाइमच्या शिलकीत येऊन बसेल असे कोणाला वाटले नसेल! आपल्या राज्यात कितीतरी घरांत कमावते माणूस तारवटी किंवा आखातात आणि घरी फोन धरून बसलेले म्हातारे आईवडील, अशी स्थिती आहे. त्यांना फोन घ्यायचा आणि ठेवायचा, एवढेच ठाऊक असते. संमतीची, सूचनेची, नूतनीकरणाची सारी सुरक्षा अशा माणसाकडे एका न वाचल्या जाणाऱ्या संदेशातून येते. २४ तासांची मुदत त्याच्यासाठी असून नसल्यासारखी.

आता करायचे काय. सर्व कंपन्यांसाठी एकच निःशुल्क क्रमांक आहे: १५५२२३. या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत 'स्टॉप' एवढा एक शब्द संदेशाने पाठवला की आपल्या क्रमांकावर चालू असलेल्या सेवा बंद करण्याचा मार्ग खुला होतो. सेवा एकाहून अधिक असतील तर त्यांची यादी येते आणि त्यांतली कोणती बंद करायची, ते कळवायचे असते. फोन करूनही हे करता येते. वृद्धांसाठी तेच सोयीचे. सेवा बंद झाल्याचा संदेश येईपर्यंत विषय संपला असे समजू नये. तो संदेश पुसून टाकू नये.

बंद करणे आणि तक्रार करणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक लोक पहिलीवरच थांबतात. पैसे परत हवे असतील तर कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करून "माझ्या संमतीविना सेवा सुरू केली" हेच शब्द वापरावेत. "सेवा नको आहे" असे म्हटले तर ती केवळ बंद करण्याची विनंती म्हणून नोंदली जाते. तक्रार नोंदली गेली की एक तक्रार क्रमांक मिळतो. तो मागून घ्यावा आणि कागदावर लिहून ठेवावा. सोबत एक मागणी अवश्य करावी: मी संमती कधी आणि कोणत्या मार्गाने दिली, त्याची नोंद दाखवा. दुहेरी संमतीचा नियम असल्यामुळे ती नोंद कंपनीकडे असायला हवी.

आम्ही फोन केला त्याच सकाळी एक हप्ता गेला होता, म्हणून २४ तासांचे कलम लागू पडले आणि तेवढे पाच रुपये तिसऱ्या दिवशी परत आले. आधीच्या महिन्यांचे आले नाहीत. दर तीन दिवसांनी पाच म्हणजे महिन्याला पन्नास, वर्षाला सहाशे. आत्याला सहाशेचे फारसे काही वाटले नाही. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग नेवऱ्यांचा एक डबा भरून माझ्या हाती दिला. तो कोणाच्या दुकानात पोचवायचा, हे विचारावे लागले नाही.

मागच्या वजावटींचा हिशेब

मागचे पैसे मागायचे तर कागद हवा, आणि प्रीपेड ग्राहकाला तो मिळू शकतो. २०१२ च्या दूरसंचार ग्राहक संरक्षण विनियमांनुसार मागील सहा महिन्यांतल्या कोणत्याही काळाचे तपशीलवार बिल कंपनीकडे मागता येते, आणि त्यासाठी ५० रुपयांहून अधिक आकारता येत नाही. पोस्टपेडवाल्यांच्या हाती तर दरमहा बिल येतेच. पण किती जण ते पहिल्या पानापुढे वाचतात? एकूण रकमेवर नजर टाकून आपण ते मिटतो. मूल्यवर्धित सेवांची ओळ आतल्या पानावर असते.

कंपनीच्या उत्तराने समाधान झाले नाही, किंवा मुदतीत उत्तरच आले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचे असते. इथे गोवेकरांनी एक लक्षात घ्यावे. दूरसंचाराच्या नकाशात गोव्याचे स्वतंत्र परिमंडळ नाही. आपण महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. तेव्हा अपील प्राधिकारी शोधताना गोवा असे नाव न दिसल्यास गडबडून जाऊ नये, महाराष्ट्र व गोवा या नोंदीखाली पाहावे. ट्रायच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीच्या तक्रार केंद्राचे व अपील प्राधिकाऱ्याचे संपर्क परिमंडळवार दिलेले आहेत. खुद्द ट्रायकडे वैयक्तिक तक्रार पाठवून उपयोग नसतो. व्यक्तिगत तंट्यांचा निवाडा करणे हे त्याचे कामच नव्हे.

त्याही पुढे ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराचे तंटे ग्राहक न्यायालयात चालतच नाहीत, अशी समजूत बरीच वर्षे होती, कारण जुन्या तार कायद्यातले लवादाचे कलम पुढे केले जाई. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो आक्षेप फेटाळला आणि ग्राहक थेट आयोगाकडे जाऊ शकतो, हे स्पष्ट केले. उत्तर आणि दक्षिण गोव्यात जिल्हा आयोग आहेत आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क पडत नाही. पाच-पन्नास रुपयांसाठी कोणी आयोगाची पायरी चढावी, असे मी म्हणत नाही. पण पोस्टपेडच्या बिलात काही हजारांची अनाकलनीय नोंद आली आणि कंपनी दाद देत नसेल, तर हा मार्ग बंद नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ प्रकरणे तिथेच सुटतात.

आणखी काही वाटा

संदेशाच्या दराबाबत एक गैरसमज तरुणांतही आढळतो. आपल्या पॅकमध्ये रोज १०० संदेश मोफत आहेत, म्हणजे कोणताही संदेश फुकट, असे ते धरून चालतात. (या शंभराला इतिहास आहे. अनाहूत जाहिरातींना आळा घालण्यासाठी ट्रायने दिवसाच्या १०० संदेशांनंतर प्रत्येकी किमान ५० पैसे आकारण्याचे बंधन घातले होते. ते २०२० मध्ये मागे घेतले गेले, आकडा मात्र पॅकमध्ये तसाच राहिला.) लघुक्रमांकावरचे व परदेशी क्रमांकावरचे संदेश या मोफत कोट्यात बसत नाहीत. नवा आयफोन सुरू करताना आयमेसेजच्या नोंदणीसाठी फोन स्वतःहून परदेशी क्रमांकावर एक संदेश धाडतो आणि त्याचे काही रुपये जातात. तिथे कोणी फसवलेले नसते. यूपीआयचे ॲप नव्याने बसवतानाही ओळख पटवण्यासाठी एक संदेश जातो, त्याचा दर साधाच असतो.

अँड्रॉइड फोनमध्ये एखादे ॲप महागड्या लघुक्रमांकावर संदेश पाठवू लागले तर फोन आधी आपल्याला विचारतो. ही सोय २०१२ पासून आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या विभागात 'विशेष प्रवेश' अशी नोंद असते, तिथे प्रीमियम संदेशांची परवानगी कोणत्या ॲपला दिली आहे ते दिसते. एकाही ॲपला तिची गरज नसते, असे म्हणायला हरकत नाही. साध्या फोनमध्ये पडद्यावर अचानक उमटणाऱ्या चौकटी बहुधा सिमकार्डातूनच येतात. 'सिम टूलकिट' नावाच्या यादीत जाऊन त्या बंद करता येतात. आत्याच्या फोनमध्ये मी हे सर्वप्रथम केले. 'डू नॉट डिस्टर्ब'साठी १९०९ वर नोंदणी केली की सारे थांबते, हाही भ्रम आहे. त्याने जाहिराती थांबतात. एकदा सुरू झालेली सशुल्क सेवा थांबत नाही.

मोबाइलच्या शिलकीतून पैसे उचलण्याचा धंदा आता ओसरतो आहे, कारण अमर्यादित पॅकमुळे बहुतेकांच्या मुख्य खात्यात पैसेच नसतात. तीच युक्ती आता बँक खात्याकडे वळली आहे. एक रुपयात पहिला महिना, आणि पुढे आपोआप वजावट. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वजावटीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि १५ हजार रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांच्या १३ प्रकारांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणारा सापळा त्यांत नावानिशी नोंदलेला आहे. आपल्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅंडेट' या शीर्षकाखाली चालू वर्गण्यांची यादी असते आणि ती तिथूनच रद्दही करता येते.

घरात वृद्ध माणसाचा साधा फोन असेल तर महिन्यातून एकदा त्याची संदेशपेटी उघडावी. नूतनीकरणाचा संदेश दिसला तर आधी त्याची तारीख आणि वेळ पाहावी. २४ तास उलटले नसतील तर १५५२२३ च्याही आधी १९८ लावावा.